पोर तालमीत कधी तयार होते?

पोराला तालमीत घालून तीन महिने होत नाहीत तोच पालक वस्तादांना विचारतात, "कधी तयार होणार?" बंधू-भगिनींनो, कुस्तीला घाई चालत नाही. ब्राझीलच्या जिउ-जित्सू कुस्तीतही काळ्या पट्ट्याला साधारण १० वर्षे लागतात. आपल्या पाटोद्याचे राहुल आवारे २००८ साली पुण्यात राष्ट्रकुल युवा स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मोठ्यांच्या राष्ट्रकुलमधले सुवर्ण २०१८ साली मिळाले. आणि त्यांचे तर वडीलही पैलवान!

पहिले वर्ष पडायला शिकण्यातच जाते. पोर हरतेच.

पण बीडमध्ये खरी अडचण वेगळी आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की कोयता घेऊन घरे कारखान्याला निघतात, ती भीमजयंतीच्या सुमारास परततात. पोरही सोबत जाते. तालीम बंद, दम गेलेला, बरोबरीची मुले पुढे. अशा चार वर्षांत पदरात दोनच पडतात, आणि बोल मात्र वस्तादांना!

मुलाला आजीजवळ ठेवा, गावात हंगामी वसतिगृह असेल तर तिथे ठेवा, मुलीलाही. खुराकाला बदामच हवेत असे नाही, शेंगदाणे, हरभरे, अंडी चालतात. मात्र हे मुकादमाची उचल घेण्याआधीच ठरवा. नंतर तो पोरांचेही हात मोजतो.