भौतिकोपचार विभागातील ओढदांडी

‘रुग्णालयात व्यायामशाळेचे यंत्र कशासाठी?’ असे सन्माननीय देणगीदार विचारतात. मी हिशेबाचा माणूस. मलाही प्रथम हाच प्रश्न पडला होता.

कमरेपासून दंडापर्यंत पसरलेल्या पाठीच्या रुंद स्नायूची नस मानेतून निघते. म्हणून झाडावरून पडून कमरेखाली लुळ्या झालेल्या सातारा-सांगलीकडील रुग्णाचाही हा स्नायू शाबूत असतो. त्याच्याच बळावर तो हात टेकून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत सरकतो. वृद्ध आईला त्याला उचलावे लागत नाही. सांगली जिल्ह्यातील श्री. मुरलीकांत पेटकर १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले, तरी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्यात सुवर्णपदक मिळविले. पोहतानाही मुख्यतः हाच स्नायू राबतो.

दांडी छातीपर्यंत ओढावी, मानेमागे नव्हे. वजन सावकाश वर सोडावे. शस्त्रक्रिया झालेल्यांनी तज्ज्ञांच्या अनुमतीविना दांडीला हात लावू नये.