एषणांचा क्रम आणि तिसरी पाळी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी १९४३ साली मानवी प्रेरणेविषयीची आपली उपपत्ती मांडली. अन्न, झोप यांसारख्या शारीरिक गरजा, मग सुरक्षितता, आपुलकी, प्रतिष्ठा आणि शेवटी आत्मसिद्धी, असा गरजांचा चढता क्रम त्यांनी लावला. व्यवस्थापनाच्या वर्गात तो पिरॅमिडच्या आकृतीने शिकवतात. ती आकृती मात्र मॅस्लो यांची नव्हे. हा क्रम ताठर नाही, असेही त्यांनी स्वतःच नमूद केले होते.

वैद्यांना हा विचार परका वाटू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तिस्रैषणीय अध्यायात प्राणैषणा, धनैषणा व परलोकैषणा अशाच क्रमाने येतात. प्राण गेले की सर्वच गेले, म्हणून प्राणैषणा प्रथम. धनैषणेलाही चरकाचार्य कमी लेखत नाहीत. साधनांवाचून दीर्घायुष्य याहून वाईट काही नाही, असे ते स्पष्ट सांगतात. आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे तीन उपस्तंभ याच अध्यायात यावेत, हे विशेष होय.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. तेथून सुरू झालेला कारखान्यांचा पट्टा आज चाकणच्या पुढे गेला आहे. तेथील कंत्राटी कामगार चार-पाच जणांसह एका खोलीत राहतो, मेसचा डबा खातो आणि ओव्हरटाइम सहसा सोडत नाही. धनैषणेपायी निद्रेचा उपस्तंभ तो स्वतःच काढून देतो. याला प्रज्ञापराध म्हणणे सोपे आहे. परंतु गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाची ती सुरक्षिततेची गरज असते. ‘वेळेवर झोपा’ हे पथ्य त्याला लागूच पडत नाही, आणि दोन आठवड्यांत रुग्ण येईनासा होतो.

याकरिता प्रकृतिपरीक्षणाबरोबरच पाळी कोणती, ती किती दिवसांनी बदलते, स्वयंपाक कोण करते, हे विचारावे. ज्याच्याकडे शेगडीच नाही त्याला काढ्याऐवजी वटी योजावी. औषधविक्रेत्यांनीही पुडीवर ‘सकाळ-रात्र’ न लिहिता ‘कामावर जाण्यापूर्वी’, ‘झोपण्यापूर्वी’ असे लिहावे. रात्रपाळीच्या माणसाची रात्र सकाळी आठला सुरू होते. सवय नसलेल्या जागरणावर वाग्भटांनी उपाय सांगितलाच आहे: जितका वेळ जागरण झाले त्याच्या निम्मा वेळ सकाळी, काही न खाता झोपावे. पाळी सतत बदलत असल्याने या कामगाराला जागरणाची सवय होतच नाही. आठ तासांच्या पाळीला चार तास झोप, एवढे चाकणच्या खोलीतही जमते. पहिल्या पाळीचे सोबती तोवर कामावर गेलेले असतात.