डान्स थिएटर ऑफ हार्लेम

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या प्रसिद्ध वस्तीत स्थापन झालेली बॅले-शाळा व तिच्याशी संलग्न असलेला नृत्यसंघ. आर्थर मिचेल (२७ मार्च १९३४–१९ सप्टेंबर २०१८) आणि कारेल शूक (२९ ऑगस्ट १९२०–२५ जुलै १९८५) या दोन नर्तक-शिक्षकांनी १९६९ मध्ये ही संस्था स्थापन केली. मराठी वाचकांना ‘बॅले’ हा शब्द उदय शंकर यांच्या नृत्यनाट्यांमुळे आणि शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या लिटल बॅले ट्रूपमुळे परिचित आहे. तेथे त्याचा अर्थ भारतीय नृत्यशैलींवर आधारलेले नृत्यनाट्य असा होतो. प्रस्तुत नोंदीत मात्र बॅले म्हणजे सतराव्या शतकापासून फ्रान्स, इटली, रशिया इ. देशांत विकसित झालेले यूरोपीय अभिजात नृत्य, असे समजावे.

पार्श्वभूमी : बॅले ही मुख्यतः गुरुमुखातून शिकण्याची विद्या आहे. नृत्यलेखनाच्या काही पद्धती प्रचारात असल्या, तरी पाय कमरेच्या सांध्यापासून बाहेर वळविणे, पाच मूलभूत पदस्थिती, तोल, गिरक्या आणि उड्या या गोष्टी शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शरीरावर प्रत्यक्ष घडवाव्या लागतात. हे शिक्षण सामान्यतः आठव्या-नवव्या वर्षी सुरू होते आणि रोजच्या सरावाने आठ-दहा वर्षे चालते. त्यामुळे शिक्षकाच्या वर्गात कोणाला प्रवेश मिळतो, यावरच पुढे रंगमंचावर कोण दिसणार हे ठरते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कृष्णवर्णीय मुलांना हा प्रवेश क्वचितच मिळे. त्यांची शरीरयष्टी व पावलांची ठेवण बॅलेला अनुकूल नाही, तसेच समूहनृत्यातील एकसारखेपणा त्यांच्यामुळे बिघडेल, अशी कारणे त्यासाठी पुढे केली जात. जॅनेट कॉलिन्स या नर्तिकेला एका प्रसिद्ध संघाने चेहरा पांढरा रंगविण्याच्या अटीवर प्रवेश देऊ केला होता. तो तिने नाकारला. पुढे १९५१ मध्ये ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची नर्तिका झाली.

आर्थर मिचेल : हार्लेममध्येच जन्मलेल्या मिचेलचे शिक्षण न्यूयॉर्कच्या हायस्कूल ऑफ परफॉर्मिंग आर्ट्समध्ये झाले. १९५२ मध्ये त्याला स्कूल ऑफ अमेरिकन बॅलेची शिष्यवृत्ती मिळाली व १९५५ मध्ये तो न्यूयॉर्क सिटी बॅले या संघात दाखल झाला. त्या संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय प्रमुख नर्तक होय. जॉर्ज बॅलन्शीन या नृत्यरचनाकाराने अ‍ॅगॉन (१९५७) या रचनेतील युगुलनृत्य मिचेल आणि डायना अ‍ॅडम्स ही गौरवर्णीय नर्तिका यांच्यासाठी बसविले. अ मिडसमर नाइट्स ड्रीम (१९६२) या बॅलेतील पक ही त्याची भूमिकाही गाजली. तथापि गौरवर्णीय जोडीदारिणीसह केलेले त्याचे युगुलनृत्य अमेरिकेच्या व्यापारी दूरचित्रवाणीवर १९६८ पर्यंत दाखविले गेले नाही. रंगमंचावर मान्यता मिळालेल्या नर्तकालाही कोणत्या मर्यादा होत्या, हे यावरून दिसते.

स्थापना : ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्या सुमारास मिचेल ब्राझीलमध्ये एक राष्ट्रीय बॅले-संघ उभारण्याच्या कामात साहाय्य करीत होता. परदेशात जे करावयाचे ते स्वतःच्या वस्तीत का करू नये, असा विचार करून त्याने हार्लेममध्ये वर्ग सुरू करण्याचे ठरविले. गायिका डॉरथी मेनर हिने १९६४ मध्ये स्थापन केलेल्या हार्लेम स्कूल ऑफ द आर्ट्स या संस्थेच्या आश्रयाने त्याने शिकविण्यास आरंभ केला. पहिल्या उन्हाळ्यात वर्ग एका गॅरेजमध्ये भरत. उकाड्यामुळे दारे उघडी ठेवावी लागत आणि रस्त्याने जाणारी मुले थांबून आत पाहत. त्यांतली बरीच पुढे वर्गात आली. सुमारे ३० मुलांनी सुरू झालेल्या या वर्गांत काही महिन्यांतच ४०० मुले येऊ लागली. १९६९ मध्ये स्वतंत्र संस्था स्थापन झाली. फोर्ड प्रतिष्ठानाने तिला अनुदान दिले आणि पुढे १५२ व्या रस्त्यावरील एका जुन्या गॅरेजचे रूपांतर करून तिला कायमची वास्तू मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये नृत्यसंघाचा पहिला अधिकृत प्रयोग न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झाला.

अध्यापनपद्धती : अभ्यासक्रमात तडजोड करावयाची नाही, मात्र वर्गाचे दार शक्य तितके रुंद ठेवावयाचे, हे या शाळेच्या शिक्षकांचे मुख्य सूत्र होते. तंग पोशाख घालण्यास मुलगे संकोचत, म्हणून त्यांना आरंभी कापून आखूड केलेल्या जीन्स घालण्यास परवानगी देण्यात आली. पियानोच्या जोडीला ढोलांचा ताल वापरण्यात आला. हळूहळू मुलांना तंग पोशाखाचा उपयोग कळला, कारण सैल कपड्यांत गुडघा व मांडी यांची रेषा शिक्षकाला दिसत नाही आणि चूक सुधारता येत नाही. दांड्याला धरून करावयाचे व्यायाम, त्यानंतर दालनाच्या मध्यभागी आधाराविना करावयाच्या संथ हालचाली आणि शेवटी गिरक्या व उड्या, हा बॅलेचा रूढ क्रम मात्र जसाच्या तसा पाळला गेला. ज्या मुलांना नर्तक व्हावयाचे नव्हते वा होता येण्यासारखे नव्हते, त्यांना वेशभूषा, रंगमंचतंत्र, प्रकाशयोजना व संगीत यांचे शिक्षण देण्यात येई. दरमहा एका रविवारी पालक व शेजारी यांच्यासाठी खुला कार्यक्रम होई. त्यात लहान विद्यार्थी आणि संघाचे व्यावसायिक नर्तक एकाच मंचावर येत. वस्तीचा शाळेवरील विश्वास दृढ होण्यास या प्रथेची मदत झाली.

याच काळात पोशाखातील एक महत्त्वाचा बदल रूढ झाला. बॅलेतील गुलाबी मोजे व पादत्राणे गौर त्वचेशी जुळणारी असतात आणि त्यामुळे कमरेपासून पायाच्या टोकापर्यंत एक सलग रेषा दिसते. सावळ्या वा काळ्या त्वचेवर ती रेषा तुटते. लँची स्टीव्हन्सन या नर्तिकेच्या सूचनेवरून संघातील नर्तिका आपापल्या वर्णानुसार मोजे रंगवू लागल्या व पादत्राणांनाही तसाच रंग देऊ लागल्या. अशी पादत्राणे तयार मिळू लागण्यास पुढे कित्येक दशके लागली. लंडनच्या फ्रीड या प्रसिद्ध उत्पादकाने ती २०१८ मध्ये बाजारात आणली.

प्रमुख शिक्षक : कारेल शूक हा मिचेलचा गुरू. त्याचा जन्म वॉशिंग्टन राज्यात झाला. नर्तक म्हणून काम केल्यावर तो अध्यापनाकडे वळला. १९५० नंतरच्या दशकात न्यूयॉर्कमधील कॅथरिन डनम हिच्या शाळेत व नंतर स्वतःच्या शाळेत त्याने अनेक कृष्णवर्णीय नर्तकांना बॅलेचे शिक्षण दिले. अ‍ॅल्व्हिन एली, कार्मेन द लाव्हलाड, जेफ्री होल्डर हे त्याचे विद्यार्थी होत. त्यानंतर तो नेदर्लंड्समध्ये बॅले-मास्टर होता. मिचेलने बोलाविल्यावर तो हार्लेममध्ये आला. मिचेल हा संस्थेचा प्रेरक, तर रोजच्या वर्गांतील तंत्रशुद्धतेचा आधार शूक, अशी कामाची स्थूल विभागणी होती. एलिमेंट्स ऑफ क्लासिकल बॅले टेक्निक (१९७७) हा त्याचा ग्रंथ शाळेतील अध्यापनावर आधारलेला आहे.

टॅनकिल ल क्लेर (१९२९–२०००) ही न्यूयॉर्क सिटी बॅलेची श्रेष्ठ नर्तिका व बॅलन्शीनची पत्नी. १९५६ मध्ये यूरोपच्या दौऱ्यात तिला पोलिओ झाला आणि तिचे पाय कायमचे निकामी झाले. मिचेलच्या आमंत्रणावरून १९७४ पासून सु. ८ वर्षे तिने या शाळेत शिकविले. चाकांच्या खुर्चीत बसून, हात व बाहू यांनाच पाय कल्पून ती पदन्यास दाखवी. नर्तकाला आपली कला प्रत्यक्ष करून दाखविता येत नसली, तरी डोळा, स्मरण व शब्द यांच्या बळावर ती पुढच्या पिढीला देता येते, याचे हे उदाहरण विलक्षण आहे. गेल मॅकिनी-ग्रिफिथ ही संघातील आरंभीची नर्तिका पुढे संघाची पहिली बॅले-मिस्ट्रेस झाली. तालमी घेणे, रचना स्मरणात ठेवणे व नव्या नर्तकांना त्या शिकविणे, ही कामे या पदाकडे असतात.

रचना व दौरे : बॅलन्शीनने आपल्या रचना सादर करण्यास संघाला परवानगी दिली. त्यामुळे विद्यार्थ्यांना आरंभापासूनच सर्वोच्च कसोटीच्या कृती हाताळावयास मिळाल्या. जेफ्री होल्डरची डूगला आणि जॉन टॅरसने बसविलेली फायरबर्ड (१९८२) या रचना विशेष लोकप्रिय झाल्या. १९८४ मध्ये फ्रेडरिक फ्रँक्लिन याने बसविलेल्या क्रिओल जिझेल या प्रयोगात मूळ यूरोपीय कथानक एकोणिसाव्या शतकातील लुइझिॲना राज्यातील मुक्त कृष्णवर्णीय समाजात योजिले आहे. पदन्यास मात्र परंपरागतच ठेवले आहेत. संघाने १९८८ मध्ये सोव्हिएट रशियाचा आणि १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला. दक्षिण आफ्रिकेत प्रयोगांबरोबरच स्थानिक मुलांसाठी वर्गही घेण्यात आले.

अडचणी व उत्तराधिकार : व्यावसायिक संघ आणि वस्तीतील शाळा ही दोन्ही एकाच संस्थेने चालविणे खर्चाचे होते. मिचेलची शिस्त कडक होती व सर्व निर्णय त्याच्या हाती एकवटलेले होते. १९९० मध्ये पैशाअभावी संघाचे काम काही महिने थांबवावे लागले, १९९७ मध्ये नर्तकांनी संप केला आणि २००४ मध्ये सु. २३ लाख डॉलरच्या कर्जामुळे संघ बंद पडला. तो पुन्हा उभा राहण्यास आठ वर्षे लागली. या काळात संस्था टिकली ती प्रामुख्याने शाळेमुळे. संघाच्या संस्थापक-सदस्यांपैकी एक व सु. २८ वर्षे तिची प्रमुख नर्तिका असलेली व्हर्जिनिया जॉन्सन मिचेलनंतर कलासंचालक झाली. नृत्यातून निवृत्त झाल्यावर तिने पॉइंट या बॅलेविषयक नियतकालिकाचे संपादन केले होते. तिच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये संघ लहान स्वरूपात पुन्हा सुरू झाला. २०२३ मध्ये रॉबर्ट गार्लंड कलासंचालक झाला. तोही याच संघाचा नर्तक, पुढे तिचा पहिला निवासी नृत्यरचनाकार व शाळेचा संचालक. जेम्स ब्राउन व अरीथा फ्रँक्लिन यांच्या गीतांवरील रिटर्न (१९९९) ही त्याची रचना अभिजात पदन्यास व हार्लेममधील लोकप्रिय नृत्य यांचा मेळ घालते.

मूल्यमापन : अनेक वस्ती-शाळा एखाद्या कर्तबगार संस्थापकाबरोबर उदयास येतात आणि त्याच्या मागे लोप पावतात. हार्लेमच्या शाळेने विद्यार्थी, नर्तक, शिक्षक व संचालक अशी परंपरा निर्माण केल्याने ती संस्थापकाच्या निवृत्तीनंतरही टिकून राहिली. तिच्या आर्थिक अडचणी आणि एकाच व्यक्तीवरील दीर्घ अवलंबन या तिच्या उणिवा नजरेआड करता येत नाहीत. तथापि विशिष्ट वर्णाचे शरीर बॅलेला अयोग्य आहे, हा समज तिच्या शिक्षकांनी वादविवादाने नव्हे, तर रोजच्या वर्गातील कामाने खोटा ठरविला. अमेरिकेतील अन्य नामांकित संघांत कृष्णवर्णीय नर्तकांचे प्रमाण त्यानंतरही दीर्घकाळ अल्पच राहिले. हे पाहता, वर्गाचे दार कोणासाठी उघडे आहे, हा १९६८ मधील प्रश्न अद्यापि पूर्णतः सुटलेला नाही.