खाऱ्या पाण्यांतील माशांचीं बांडगुळें : ओळख व उपाय

आंब्यावर बांडगूळ चढलें म्हणजे तें कसें ओळखावें व केव्हां कापावें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. पण मासा हेंही आतां शेतकऱ्याचें एक पीक झालें आहे, आणि माशाच्या अंगावरील बांडगुळें इतकीं सूक्ष्म असतात कीं, मासा कुशीवर पडून तरंगूं लागेपर्यंत मालकास बहुधा त्यांचा पत्ता नसतो. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१९७० सालीं सिडको स्थापन झाली व ठाणें आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गांवांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसविण्याचें काम सुरू झालें. भाताचीं खाचरें व मिठागरें मोठ्या प्रमाणावर गेलीं. तरी उरणकडील खाडीकांठीं आणि पुढें पेण-अलिबागपर्यंत खारजमिनींत तळीं राखून जिताडा वाढविण्याची जुनी रीत टिकून आहे. दुसरीकडे, ज्यांचे वाडवडील भात लावीत त्यांपैकीं कांहींचीं मुलें आज वाशी-नेरूळकडे काचेच्या टांक्यांत समुद्रांतील शोभेचे मासे पाळतात, आणि कोणी त्यांचा व्यापारही करतात. मुंबईस १९५१ सालीं तारापोरवाला मत्स्यालय उघडलें, तेव्हां असा मासा पाहण्यास मुद्दाम तेथें जावें लागे. आज तो घरांत येतो. तळ्यांतील जिताडा असो वा टांकींतील रंगीत मासा, दोघांचे शत्रू बव्हंशीं एकाच कुळांतील आहेत, आणि रोग पसरला तर दोन-चार दिवसांत सारी भरणी हातची जाते.

महसुली कामांत पंचनाम्याशिवाय नुकसानीचा आंकडा धरीत नाहींत. येथेंही तोच नियम पाळावा. मासा दगडावर अंग घांसतो, कल्ले जलद हलवितो, पर मिटून घेतो, खाणें टाकतो. या खुणा जवळजवळ सर्वच परोपजीवींच्या बाबतींत दिसतात. घाण सांठून पाण्यांत अमोनिया वाढला तरीही मासा असाच धापा टाकतो. यास्तव प्रथम पाणी तपासावें. पाणी निर्दोष निघालें तर अंधारांत विजेरीचा झोत बाजूनें टाकून माशाचें अंग न्याहाळावें.

मिठाच्या कणांएवढे पांढरे, सुटे ठिपके अंगावर व परांवर दिसल्यास तो 'क्रिप्टोकॅरिऑन' नांवाचा एकपेशीय जीव समजावा. ठिपके त्याहून पुष्कळ बारीक, पिठी भुरभुरावी तसे, व अंगावर पिवळट मखमलीची झांक असल्यास तो 'अमायलूडिनियम' होय. हा अधिक घातक, कारण तो प्रथम कल्ल्यांत शिरतो आणि अंगावर कांहीं दिसण्यापूर्वींच मासा गुदमरून मरतो. डोळे धुरकट झाले व अंगावर खवल्यासारखे पारदर्शक चपटे जीव चिकटलेले आढळले, तर ते चपटे कृमि समजावे. आणि जे नुसत्या डोळ्यांनीं अंगावर सरकतांना दिसतात, ते 'कॅलिगस' म्हणजे समुद्री उवा. जिताड्यास त्यांचा उपद्रव विशेष होतो.

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगांत पुष्कळांची फसगत होते ती अशी. हा जीव माशाच्या कातडीखालीं तीन ते सात दिवस राहून पोसतो, मग आपण होऊन गळून पडतो. ठिपके गेले, मासा बरा झाला, असें मालक समजतो. वस्तुतः तो जीव तळाशीं कवच करून बसलेला असतो, व त्याच्या आंत शेंकडों पिलें तयार होत असतात. तीं फुटून बाहेर आलीं म्हणजे एक-दोन दिवसांत त्यांस मासा मिळालाच पाहिजे, नाहीं तर तीं मरतात. तण उपटलें पण बीं जमिनींत राहिलें, तसाच हा प्रकार. कातडीखालच्या किंवा कवचांतल्या जीवास औषध लागत नाहीं. लागतें तें पाण्यांत पोहणाऱ्या पिलांस. म्हणून औषध आठवडे न् आठवडे चालू ठेवावें लागतें.

तें औषध म्हणजे आमच्या वाचकांचें ओळखीचें तांबें. दर लिटर पाण्यास ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबें तीन आठवडे राखल्यास ठिपक्यांचा व मखमलीचा असे दोन्ही रोग आवरतात. मोरचुदांत सुमारें चौथा हिस्सा तांबें असतें. म्हणजे १०० लिटरांस सुमारें ६० मिलिग्रॅम मोरचूद झाला. चिमूट याच्या कितीतरी पट भरते, म्हणून चिमटीचा हिशेब येथें प्राणघातक होय. शुद्ध मोरचूद ६ ग्रॅम एक लिटर गोड पाण्यांत विरघळवावा. त्याचे १० मिलिलिटर १०० लिटरांस पुरतात. निम्मे आज, निम्मे उद्यां द्यावे. खाऱ्या पाण्यांत तांबें आपोआप कमी होत जातें, म्हणून तें मोजण्याचें साहित्य आणून दिवसांतून दोनदां मोजावें व घट तेवढीच भरावी. बाजारांतील तयार औषधांचें प्रमाण निराळें असतें. तें वेष्टणावर पाहूनच द्यावें. तांब्यानें पोवळें, कोळंबी, खेकडे मरतात, आणि पोवळ्याची वाळू तें शोषून घेते. यास्तव उपचार नेहमीं वेगळ्या, वाळू नसलेल्या टांकींत करावा. मूळ टांकी निदान सहा आठवडे, व खात्री हवी असल्यास अडीच महिने, माशाविना चालू ठेवावी.

औषध नको असेल त्यांस केवळ ठिपक्यांच्या रोगापुरता आणखी एक मार्ग आहे. मासे दर ७२ तासांच्या आंत नव्या स्वच्छ टांकींत हलवावे, असें चार वेळां करावें, आणि सोडलेली टांकी, जाळें, नळी हीं धुऊन पूर्ण कोरडीं करावीं. गळून पडलेलें बीज फुटण्यापूर्वींच मासा पुढें गेलेला असतो. मखमलीच्या रोगावर मात्र या मार्गाचा भरंवसा धरूं नये. पाण्याचा खारेपणा कमी करण्याचा उपायही तेथें चालत नाहीं, कारण तो जीव मचूळ पाण्यांतही तग धरतो.

चपट्या कृमींवर गोड्या पाण्याचें स्नान उत्तम. क्लोरीन काढलेलें, त्याच उष्णतेचें, खाण्याच्या सोड्यानें आम्लता-क्षारता जुळविलेलें व हवा सोडलेलें पाणी घेऊन मासा त्यांत तीन ते पांच मिनिटें ठेवावा. कृमि पांढरे पडून गळतात, त्यामुळें निदानही होतें. मासा कलंडल्यास त्याच क्षणीं परत खाऱ्या पाण्यांत सोडावा. कृमींचीं अंडीं यानें मरत नाहींत, म्हणून आठवड्याभरानें स्नान पुन्हा द्यावें. गुरांच्या डॉक्टरांस परिचित असलेलें प्रॅझिक्वांटेल या कृमींवर गुणकारी आहे.

जिताडा गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगणारा असल्यानें त्यास असें स्नान सहज मानवतें. परंतु तळ्यांत मोरचूद ओतूं नये. कोळंबी जाईल, आणि तो मासा शेवटीं माणसाच्या ताटांत येणार आहे. खाण्याच्या माशास कोणतेंही औषध मत्स्यव्यवसाय अधिकाऱ्याच्या सल्ल्यावांचून देऊं नये. तळ्याचा खरा इलाज उन्हाळ्यांतला आहे : तळें आटवून तळ भेगाळेपर्यंत वाळवावा, चुना टाकावा, आणि पाणी आंत घेतांना बारीक जाळी लावून खाडींतले रानमासे अडवावे. चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याचें बीज बंदिस्त जागेंत तयार करण्यांत यश मिळविलें. असें तपासलेलें बीज मिळत असल्यास खाडींतून धरलेल्या पिलांपेक्षां तें श्रेयस्कर.

नवीन मासा, मग तो किती का तजेलदार दिसेना, चार आठवडे वेगळा ठेवल्याविना जुन्यांत सोडूं नये. नव्या बैलास आपण एकदम गोठ्यांत बांधीत नाहीं. वेगळ्या टांकीचा खर्च एकदांच येतो. भरणी बुडाल्याचा खर्च मात्र दर वेळीं नव्यानें येतो. टांकीजवळ एक वही ठेवून मासा आणल्याची तारीख, पहिला ठिपका दिसला तो दिवस, दिलेलें औषध व मोजलेलें तांबें लिहून ठेवावें. पुढच्या वेळीं कोणत्याही पुस्तकापूर्वीं तीच वही उपयोगी पडेल.