पाण्यातून वर येताना

मालवण-तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा करायला गेलेला माणूस धास्तावतो तो खाली उतरायच्या कल्पनेने. वर येण्याची फिकीर कुणी करत नाही. शरीराला गंभीर इजा होण्याची भीती मात्र त्याच वाटेवर जास्त.

उतरताना छळतात ते कान. समुद्रात दर 10 मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. म्हणजे दाब दुप्पट व्हायला पहिले 10 मीटरच पुरतात, आणि हौशी पर्यटकाची सगळी डुबकी याच पट्ट्यात होते. उपाय सोपा आहे. मास्कवरूनच नाकपुड्या चिमटीत धरायच्या आणि हलकेच नाकातून फुंकायचं. कानात बारीक ‘टक्’ होतं, घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. हे कान दुखायच्या आधीच, मीटर-अर्ध्या मीटरला करत राहायचं. दुखू लागलंच तर जोर लावू नका. मीटरभर वर या आणि पुन्हा करून पाहा. सर्दी असेल तर पैसे भरलेले असले तरी उतरू नका. गोळी घेऊन उतरलात आणि तिचा असर खालीच ओसरला, तर वर येताना कानातल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही.

वर येतानाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. दाब निम्मा झाला की हवा दुप्पट जागा व्यापते, हे रॉबर्ट बॉईलने 1662 मध्येच मांडलं होतं. 10 मीटरवर छातीत घेतलेली तीन लिटर हवा पृष्ठभागावर सहा लिटर होते. घाबरून, तोंड मिटून वर झेपावणाऱ्याच्या फुप्फुसाला दीड-दोन मीटरच्या अंतरातही इजा होऊ शकते.

दुसरा प्रश्न नायट्रोजनचा. जास्त दाबाखाली तो रक्तात आणि ऊतींत विरघळतो. घाईने वर आलं की त्याचे तिथेच बुडबुडे होतात. जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी बकऱ्यांवर प्रयोग करून 1908 मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टकं दिली. त्रास झालेली बकरी पुढचा पाय उचलून धरायची, त्यावरून त्यांना अंदाज येई. आज मिनिटाला 9 मीटरहून जास्त वेगाने वर येऊ नये आणि 5 मीटरवर तीन मिनिटं थांबावं, असं शिकवतात.

जाता जाता एक खूण. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. फोटोसाठी हौसेने अंगठा दाखवाल, तर प्रशिक्षक इमानेइतबारे वर आणेल! ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ करायचं.

बोटीत बसलात म्हणजे वर येणं संपलं असंही नाही. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1800 ते 2400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणून एका साध्या डुबकीनंतर किमान 12 तास आणि अनेक डुबक्यांनंतर किमान 18 तास विमानप्रवास टाळायला सांगतात. आपल्याकडे घाटाचा विचार मात्र फारसा होत नाही. आंबोली सुमारे 700 मीटरवर आहे. उथळ पाण्यातल्या छोट्या डुबकीत नायट्रोजन फारसा साठत नाही, पण खोल पाण्यात दोन-तीनदा उतरून त्याच संध्याकाळी घाट चढणं शहाणपणाचं नाही. डुबकी सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवा, किल्ला आणि मासळीचं जेवण नंतर.

आणि पुढच्या दिवसभरात सांधे दुखले, मुंग्या आल्या किंवा चक्कर आली, तर डॉक्टरांना आधी हे सांगा, की मी समुद्रात डुबकी मारून आलोय.