वर्गात सर गप्प, मुले बोलतात!

आपल्यापैकी अनेकांनी मुंबई-पुण्याकडे बी.कॉम. केले. सर फळ्यावर आधी कीर्द, मग खतावणी, मग तेरीज मांडत आणि आपण मान खाली घालून ती वहीत उतरवून घेत असू. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या की जीव भांड्यात पडे. आता आपली मुले इथल्या कॉलेजात अकाउंटिंग घेतात आणि घरी येऊन सांगतात, "आमचे प्रोफेसर शिकवतच नाहीत, सगळे आम्हालाच करायला लावतात." मग आईवडिलांना प्रश्न पडतो, एवढी फी भरायची ती कशाला?

मंडळी, हा प्रोफेसरांचा आळस नव्हे. 1989 साली अमेरिकेतल्या तेव्हाच्या आठ बड्या अकाउंटिंग फर्म्सनी एकत्र येऊन सांगितले, की नवे पदवीधर नियम पाठ म्हणतात, पण समोर अपुरी कागदपत्रे आली की अडखळतात. त्यांना बोलता, लिहिता आणि चारचौघांबरोबर काम करता आले पाहिजे. त्यांनी दिलेल्या सुमारे चाळीस लाख डॉलरच्या मदतीवर अमेरिकन अकाउंटिंग असोसिएशनने त्याच वर्षी एक आयोग नेमला. 1996 पर्यंत चाललेल्या या आयोगाने 1990 सालीच बजावले, की विद्यार्थ्याने नुसते ऐकून घेऊ नये, शिकण्यात स्वतः भाग घ्यावा. यालाच इथे ॲक्टिव्ह लर्निंग म्हणतात.

म्हणजे वर्गात नेमके काय होते? आपल्या ओळखीचेच उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या मंडळाने नोव्हेंबरातल्या दिवाळी कार्यक्रमाची 200 तिकिटे सप्टेंबरमध्येच 25 डॉलरना विकली आणि हॉलचे 1200 डॉलर आगाऊ भरले. सप्टेंबरअखेर मंडळाला फायदा किती?

धडा मुलांनी घरून वाचून यायचा असतो. वर्गात प्रत्येकाने आधी दोन मिनिटे एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याला आपले उत्तर पटवून द्यायचे, मग चौघांनी मिळून एक उत्तर ठरवायचे. बहुतेक जण आधी 5000 वजा 1200, म्हणजे 3800 डॉलर म्हणतात. तेवढ्यात एखादी मुलगी विचारते, "कार्यक्रमच रद्द झाला तर?" तिथे वर्ग जागा होतो. पैसे परत करावे लागतील, म्हणजे ते 5000 अजून उत्पन्न नव्हे, देणे आहे! आणि हॉल अजून वापरलेला नाही, म्हणून ते 1200 खर्च नव्हेत, मालमत्ता आहे. सप्टेंबरचा फायदा शून्य. दोन्ही रकमा नफा-तोटा पत्रकात जातील त्या कार्यक्रम पार पडल्यावर. प्रोफेसर शेवटी दहा मिनिटे बोलतात, पण तोवर ऐकणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न तयार असतो. हेच फळ्यावर सांगितले असते तर वहीत उतरले असते, डोक्यात किती उतरले असते कोण जाणे.

याला आधारही आहे. विज्ञान, गणित व इंजिनिअरिंगच्या वर्गांविषयीच्या 225 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2014 साली प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत सुमारे 34 टक्के मुले नापास होत होती, कृतीच्या वर्गांत सुमारे 22 टक्के. याहून गंमत 2019 सालच्या हार्वर्डमधल्या अभ्यासात दिसली. भौतिकशास्त्राच्या मुलांना कृतीच्या वर्गात आपण कमी शिकलो असे वाटले, पण चाचणीत ती अधिक शिकलेली निघाली! डोक्याला ताण पडला की शिकवणे वाईट वाटते. तेव्हा मुलांच्या तक्रारीवरून घाईने मत बनवू नये.

अडचणी मात्र खऱ्या आहेत. एकजण राबतो आणि तिघे मार्क घेतात. म्हणून चांगले प्रोफेसर गटाबरोबर प्रत्येकाची वेगळी चाचणीही घेतात. धडा न वाचता गेलेल्याचा सारा तास फुकट जातो. आणि आपल्या घरांतली काही मुले, विशेषतः भारतातून नुकतीच आलेली, मोठ्यांपुढे बोलू नये या वळणामुळे गटात गप्प बसतात. तिथे गप्प बसणे म्हणजे आदर नव्हे, तयारी नाही असाच अर्थ लावला जातो. हे त्यांना घरीच सांगायला हवे. पुढे सी.पी.ए. व्हायचे तरी यातून सुटका नाही. ती परीक्षा 2004 पासून संगणकावर आहे आणि तिच्यात प्रत्यक्ष कामासारखी प्रकरणे सोडवावी लागतात.

घरी एक करून पाहावे. मंडळाचा वार्षिक हिशेब हाती येईल तेव्हा तो कॉलेजातल्या मुलामुलीपुढे ठेवा आणि म्हणा, "हा मला समजावून सांग." मध्ये बोलू नका, उत्तर सुचवू नका. जिथे ती अडखळतील तिथेच पुन्हा वाचायला हवे, हे त्यांचे त्यांनाच कळेल. चार प्रश्न आमच्या खजिनदारांकडे आले, तर तेही रागावणार नाहीत अशी आशा आहे!