घरगुती गॅस : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

गळू लागलेला गॅस वर चढून छताजवळच्या झरोक्यातून आपोआप निघून जातो, अशी जी समजूत कित्येक सुशिक्षित कुटुंबांतही दृढमूल झालेली आढळते, ती या विषयातील सर्वांत घातक समजूत होय. टाकीत दाबाखाली द्रवरूपाने भरलेले प्रोपेन व ब्युटेन यांचे मिश्रण वायुरूप होताच हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असल्याकारणाने, ते पाण्याप्रमाणे सखल जागा शोधीत ओट्याखाली, फडताळाच्या तळाशी, मोरीच्या तोंडाशी साचत जाते. आणि हवेतील त्याचे प्रमाण शेकडा 2 च्या आसपास पोहोचले की एक क्षुद्र ठिणगीही अनर्थास पुरेशी होते. टाकी तळघरात वा बंद कपाटात ठेवू नये आणि वास येताच खिडकीबरोबर दारही सताड उघडावे, या दोन्ही नियमांचे मूळ या जडत्वातच आहे.

साचलेला गॅस पंखा लावून घालवावा, हा विचार वरकरणी समंजस वाटतो; परंतु विजेचे बटण दाबताना त्याच्या आत ठिणगी पडू शकते, आणि म्हणून दिवा लावणे जितके वर्ज्य, तितकेच लागलेला दिवा मालवणेही वर्ज्य. रेग्युलेटर बंद करावा, देवापुढील निरांजनासह सर्व ज्योती विझवाव्यात, घरातील मंडळींना बाहेर न्यावे आणि बाहेरूनच 1906 या अहोरात्र चालू असणाऱ्या क्रमांकावर वर्दी द्यावी.

ज्याला आपण गॅसचा वास म्हणतो तो वस्तुतः इथिल मरकॅप्टन नामक उग्र द्रव्याचा असून, मूळचा जवळजवळ गंधहीन वायू गळताना कळावा एवढ्याचसाठी ते त्यात मुद्दाम मिसळलेले असते. सर्दीने नाक बंद झालेल्या इसमाला ही खूण मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे. गळतीची जागा पेटत्या काडीने शोधण्याचा प्रघात तर तत्काळ सोडावा. साबणाच्या पाण्याला येणारे बुडबुडे ती निर्धोकपणे दाखवितात.

शेगडी पेटविताना आधी बटण फिरवून मग काडीपेटी हुडकण्याची सवय अनेकांना असते. क्रम नेमका उलट हवा : काडी पेटवून बर्नरजवळ धरावी आणि मगच बटण फिरवावे, लायटर असल्यास तो बर्नरपाशी तयार ठेवावा, आणि पहिल्या एकदोन प्रयत्नांत ज्योत न धरल्यास बटण बंद करून, सुटलेला गॅस पांगेपर्यंत थांबावे. पिवळी ज्योत अधिक उष्ण असते हाही भ्रमच. ती अपुऱ्या हवेची व अपूर्ण ज्वलनाची खूण असून, त्यातून भांड्यांना काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निर्माण होतो. बर्नरची भोके साफ करून ज्योत निळी होत नसेल, तर कारागिरास बोलवावे.

रात्री शेगडीचे बटण बंद केले की काम झाले असे मानणाऱ्यांनी हे जाणावे की रेग्युलेटर चालू असेतोवर नळीत गॅस भरलेलाच असतो, आणि ही नळी, प्रमाणित सुरक्षा नळी असली तरी, 5 वर्षांनी बदलावीच लागते.

टाकीच्या वरच्या पट्टीवरील 'बी-27' यांसारख्या खुणेवरून गॅसची मुदत संपल्याचा निष्कर्ष काढला जातो, तोही निराधार आहे. ए, बी, सी, डी ही अक्षरे वर्षाच्या चार तिमाही दर्शवितात; प्रस्तुत खुणेचा अर्थ त्या टाकीची सक्तीची तपासणी जून 2027 पर्यंत व्हावयाची आहे इतकाच, आणि ती मुदत उलटून गेलेली टाकी दारात आल्यास ग्राहकाने ती बेलाशक परत पाठवावी.